खुर्चीला आलेलं आवाळू

आमच्या घरात कुणाचं काहीही दुखलं की दोष एकाच गोष्टीचा, खुर्चीचा. मान अवघडली? खुर्ची. पायाला मुंग्या आल्या? खुर्ची. आमच्या लेकीच्या पोटात लहानपणी बरोबर शाळेच्या वेळेला कळ यायची, तर तिचे वडील शाळेत जाऊन वर्गातली बाकं तपासून आले होते. वर दोन डुगडुगणारी बाकं स्वतःच्या हाताने नीट करून दिली. लेक तेव्हा घरात लोळत बिस्किटं खात होती.

आमचं दुकानच खुर्च्यांचं, म्हणजे सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्या भरून द्यायचं. पुढे टेबल टाकून लेक बसते, फोन घेते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते. मधे माझं शिलाईमशीन, खोळी आणि कव्हरं माझ्याकडे. मागे कारखाना, तिथे आमचे हे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. मीही मास्तरच म्हणते, पण पाठीमागे. तोंडावर आपलं 'अहो'.

आता खोटं कशाला बोलू, माणूस हातचा हुशार आहे. पाठदुखीचं गिऱ्हाईक आलं की मास्तर टेप काढतच नाहीत. त्याला साध्या स्टुलावर बसवतात, पावसापाण्याच्या गप्पा काढतात आणि बोलता बोलता हळूच हात पाठीमागे सरकवतात. "टेप नुसती लांबी सांगते," म्हणतात, "दुखतं कुठे ते हाताला कळतं." मग जिथे दुखतं तिथे टेकायला काथ्याचा एक उंचवटा भरतात, वर फोम, वर माझं कव्हर. महिन्याभराने तोच माणूस ताठ चालत येतो आणि सासूसाठी दुसरी खुर्ची सांगून जातो. असं इतक्यांदा झालं की मास्तरांची पक्की समजूत झाली, जगात दुखणी म्हणून नाहीतच, नुसत्या वाईट खुर्च्या आहेत.

आणि मग एक दिवस त्यांचंच दुखायला लागलं.

पाठीत, पण मधोमध नाही. उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली. ठणकत वगैरे नव्हतं, आपलं बोथट, जड, आतून कुणी मूठ टेकवून बसल्यासारखं. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा." ते म्हणाले, "डॉक्टर काय खुर्ची भरून देणार आहे का मला?" झालं! त्या दिवसापासून मास्तरांनी स्वतःची खुर्ची करायला घेतली.

आधी चांगली सरळ होती हो. मग उजवीकडे पाठीला एक पातळशी उशी आली. आठवड्याने ती उशी उसवून त्यात आणखी काथ्या कोंबला. मग आणखी. दाभण आणि सुतळी घेऊन बसायचे, भरायचे, टेकून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा उसवायचे. होता होता त्या खुर्चीच्या पाठीला उजव्या बाजूला हे एवढं टेंगूळ तयार झालं. मी त्याला आवाळू म्हणायचे. दुसरं कुणी चुकून त्या खुर्चीत बसलं की विंचू चावल्यासारखं उठायचं. शेजारचे चष्मेवाले भाऊजी एकदा बसले आणि म्हणाले, "मास्तर, ही खुर्ची आहे की शिक्षा?"

"तुमच्या पाठीसाठी नाहीच ती," मास्तर म्हणाले. फुशारकी बघा!

त्याच दिवसांत दुकानात दुसरं एक महायुद्ध पेटलं होतं. दुकानाला संडास एकच, कारखान्याच्या कोपऱ्यात, प्लायवूडची भिंत घालून केलेला. आणि उमेदवार दोन. लेकीला सातवा महिना. तिला दर थोड्या वेळाने जावं लागायचं, ते समजण्यासारखं आहे. पण मास्तर तिच्याही वरताण! ही उठली की हे आत. हे बाहेर आले, खुर्चीत टेकले न टेकले की पुन्हा आत. बाहेर लेक पोट धरून पाय आपटायची.

"बाबा, आटप ना! मला दोघांचं सांभाळावं लागतं, तू एकटा आहेस!"

आत मास्तर नळ सोडून शीळ घालत बसायचे. नळ कशाला ते मला ठाऊक होतं. प्लायवूडला काही लपत नाही. नळाच्या आवाजाखाली थेंब थेंब, थांबलं, परत थेंब थेंब. शीळ मात्र मोठ्या डौलाची. बाहेर आले की वर तोरा मिरवायचे, "माझ्या वयाचे लोक अडकतं म्हणून रडतात. माझं बघ, दिवसभर चालू आहे!"

मी कपाळाला हात लावायचे. रात्रीही तेच. पांघरूण उडवून उठायचे, परत यायचे, परत उठायचे, माझ्या झोपेचं खोबरं. मी चिडून म्हणाले, "उशी तिकडेच न्या ना एकदाची!"

शिवाय पँटी. "अगं, कमरेत घट्ट होतेय, जरा सोडून दे." मी सोडली. काही दिवसांनी पुन्हा घट्ट. पुन्हा सोडली, आणि 'ढेरपोट्या' म्हणून चिडवलंही. पण मशीनवर बसल्या बसल्या मला एक कोडं सुटेना. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती, गाल बसले होते, जेवण ताटात अर्धं उरत होतं. माणूस वरून सुकत चाललाय, मग पँट कशाला सैल करावी लागते? घोट्यांवर मोज्यांचे वळ उठायचे, ते काढल्यावर कितीतरी वेळ जायचे नाहीत. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "खुर्ची अजून नीट जमली नाही. जमली की सगळं ठीक होईल."

चष्मेवाले भाऊजी म्हणजे सगळ्या विषयांचे जाणकार. त्यांनी माझ्याकडे बघून निकाल दिला, "वहिनी, मुतखडा आहे हा. पाणी पाजा! बाटल्याच्या बाटल्या! धबधब्यासारखा वाहून जाईल." मला पटलं. त्या दिवशी मी मास्तरांच्या मागे बाटली घेऊन भुतासारखी लागले. बिचाऱ्यांनी मुकाट्याने घोटामागून घोट घेतला. धबधबा कुठला! संडासात थेंब तेवढेच, आणि दुपारपर्यंत माणूस कामाच्या टेबलावर उजवी बाजू दाबून दुमडला. चेहरा जुन्या फोमसारखा पिवळट. मग उलटी झाली. मी घाबरून गाडी काढायला सांगितली, तोवर कळ ओसरली आणि मास्तर उठून बसले.

"बघितलंस? आज स्टुलावर बसून काम केलं, म्हणून झालं," म्हणाले आणि संध्याकाळी आवाळूत आणखी दोन मुठी काथ्या भरला.

आता लेकीकडे वळते, कारण गोष्ट तिच्याकडूनच फिरली. तिच्या तपासणीला मी बरोबर गेले होते. डॉक्टरीणबाई हसतमुख, सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत सहज म्हणाल्या, "बाळ मजेत आहे. आईची उजवी किडनी किंचित फुगलीय."

मी ताडकन उठले. किडनी फुगलीय हे काय मजेत सांगायचं असतं?

"मावशी, बसा, बसा," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जणींना होतं. पोटातल्या ओझ्याने लघवीची नळी दबते. पुढे जायला वाट कमी, मग लघवी मागे किडनीत तुंबते आणि किडनी फुगते. हिची अगदी थोडी आहे, बाळंतपणानंतर उतरेल. फक्त लक्ष ठेवायचं."

"कशावर लक्ष ठेवायचं? नीट सांगा," मी पदर खोचूनच बसले.

त्यांनी लेकीच्या पाठीला, उजवीकडे बरगडीखाली हात लावला. "इथे दुखतंय का. भरपूर पाणी प्यायल्यावर ते वाढतंय का. सारखी लागते पण थोडीच होते, असं आहे का. झाल्यावरही आत उरल्यासारखं वाटतं का. मळमळ, जेवण न जाणं. थंडी वाजून ताप, लघवीत रक्त किंवा लघवी बंद, मग तर धावतच यायचं. यातलं काहीही दिसलं तरी अंगावर काढायचं नाही. तुंबलेलं जितके दिवस राहील तितकी किडनी खराब होते."

मी ते दोनदा वदवून घेतलं आणि घरी येईस्तोवर पुटपुटत होते. लेक म्हणाली, "आई, परीक्षा माझी आहे का तुझी?"

दुसऱ्या दिवसापासून मी लेकीची झडती घ्यायला लागले. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी जाता जाता एक. ती पार वैतागली. त्या सकाळी ती टेबलाशी पडद्याच्या कापडाचे तुकडे लावत होती. मास्तर आत, नळ चालू, शीळ चालू. मी कारखान्याच्या दारात उभी राहून नेहमीसारखी ओरडले, "काय गं, बरगडीखाली दुखतंय का?"

"नाही गं आई."

"हो, आहे थोडं," संडासातून आवाज आला.

"तुम्हाला नाही विचारलं!" मी म्हटलं. "काय गं, पाणी प्यायल्यावर जास्त होतं का?"

"नाही."

"त्या दिवशी झालं होतं की," आतून.

"सारखी लागते आणि थोडीच होते, असं?"

"आई, मला होते चांगली!"

आत नळ बंद झाला. मास्तर म्हणाले, "ते सगळ्यांचंच असतं."

लेकीने हातातलं कापड खाली ठेवलं. मी दाराजवळ गेले आणि यावेळी हळू आवाजात विचारलं, "अहो, झाल्यावरही आत उरल्यासारखं वाटतं का हो?"

"हो. त्याचं काय एवढं?"

हाताशी जी खुर्ची आली तिच्यात मी बसकण मारली. ती नेमकी त्यांची खुर्ची. आवाळू माझ्या पाठीत रुतलं. उजवीकडे, बरगडीच्या खाली. तपासणीला डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या पाठीला हात लावला होता, अगदी त्याच जागी. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. इतके दिवस हा माणूस दाभण घेऊन त्याची फुगलेली किडनी काथ्यात भरत बसला होता, आणि मी वरून कव्हर शिवून देत होते!

मास्तर हात पुसत बाहेर आले. "माझ्या खुर्चीत का बसलीस?"

"गाडी काढा. दवाखान्यात जायचंय."

"कुणाला? हिला काही होतंय का?"

"तुम्हाला!"

मग जी जुंपली! ते म्हणाले, बाईचं दुखणं पुरुषाला कसं चिकटेल, त्यांच्या पोटात काय बाळ आहे का. मी म्हटलं, पँट तर तशीच सोडतेय मी. ते म्हणाले, "तुंबलं असतं तर दिवसभर गेलो असतो का मी? जरा अक्कल चालवा!"

"बाबा," लेक म्हणाली, "मोरी तुंबली तरी थोडं थोडं जातंच की रे. बाकीचं मागे साठत राहतं."

त्यावर त्यांनी आपलं ठेवणीतलं काढलं, "दोष खुर्चीचा आहे. भरण अजून बसलं नाही."

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. "ठीक आहे!" मी म्हटलं. "खुर्ची घाला गाडीत. डॉक्टरांना दाखवू. ते म्हणाले खुर्चीचा दोष, तर जन्मात पुन्हा दवाखान्याचं नाव काढणार नाही. आणि नाही म्हणाले तर सांगतील ते निमूट करायचं."

मी हे रागाने बोलले हो, पण मास्तरांचे डोळे चमकले. आपली खुर्ची कुणालातरी दाखवायची म्हटल्यावर हा माणूस आगीतही उडी घेईल. त्यांनी स्वतः ती चादरीत गुंडाळली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला वरच्या मजल्यावर, लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. खुर्ची लिफ्टमधून वर गेली, आम्ही जिन्याने. वाटेत मास्तर मधेच थांबून संडास शोधून आले. मी कठड्याला धरून थांबले.

डॉक्टर उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. टेबलासमोर ठेवलेली ती वाकडी खुर्ची त्यांनी चष्म्यावरून बघितली. मास्तरांनी तिची सगळी जन्मकथा सांगितली, काथ्यापासून सुतळीपर्यंत. डॉक्टरांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग उठले, येऊन त्या खुर्चीत बसले आणि लगेच "अरे!" करून उठले. उठून सरळ मास्तरांच्या मागे गेले आणि उजव्या बरगडीखाली नुसता हात ठेवून हलकेच दाबला. मास्तर चवड्यांवर उभे राहिले.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "खुर्चीत काही दोष नाही. इतकी बरोबर जागा तर पेशंट तोंडानेही सांगत नाहीत."

"ऐकलंस?" मास्तर माझ्याकडे वळले, छाती फुगवून. "खुर्चीत दोष नाही म्हणाले!"

"म्हणजे तुम्ही हरलात," मी म्हटलं.

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

मग हसणं थांबलं. त्यांनी मास्तरांना आडवं केलं, बेंबीखाली बोटांनी ठोकून बघितलं. मी ज्याला ढेरी म्हणत होते ती ढेरी नव्हतीच. लघवीची पिशवी होती, नुकतंच जाऊन आल्यावरही काठोकाठ भरलेली. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या, उजवी जास्त. पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची गाठ असते पुरुषांना, ती वयाबरोबर वाढून वाट अडवून बसली होती. आत साठलेलं वर वर चढत किडन्यांपर्यंत तुंबलं होतं. दिवसभर जे चालू होतं ते नुसतं उतू जात होतं. रक्ताचा रिपोर्टही वाईट आला.

"डॉक्टर, परत येतील ना किडन्या?" मी विचारलं.

"वाट मोकळी केली की बहुतेक वेळा सावरतात. डावीची मला फारशी काळजी नाही. उजवीचं आज सांगता येत नाही, मावशी. आणखी काही महिने असेच काढले असते तर दोन्हींचं सांगता आलं नसतं."

मी मास्तरांकडे बघितलं. पलंगावर आडवे, पाय उघडे, घोट्यांवर मोज्यांचे वळ. आयुष्यभर भांडलो आम्ही. सकाळचा चहा कोणी ठेवायचा इथपासून भांडलो. पण ह्या माणसाशिवाय भांडायचं कुणाशी, हा विचार आला आणि मला रडू फुटलं. "मला तुम्ही हवे आहात हो," मी सगळ्यांसमोर म्हटलं. लाज वाटली नाही.

"मी कुठे चाललोय?" मास्तर म्हणाले, पण त्यांनी माझा हात धरला तो सोडला नाही. लघवी काढायची नळी घालायला नर्स आली तेव्हा तिलाच तो सोडवावा लागला.

मला थोड्या वेळाने आत बोलावलं. पलंगाखाली लटकवलेली पिशवी भरत आली होती, नर्स दुसरी घेऊन उभी. आणि मास्तर! डोळे मिटून असे पडले होते, चेहऱ्यावर असं सुख की मी लग्नातही बघितलं नव्हतं.

"अगं," ते डोळे न उघडता म्हणाले, "पँट सैल झाली."

मी हसले का रडले, आता आठवत नाही. दोन्ही झालं असावं.

पुढचे दिवस आमचे एकाच गोष्टीवर चालले, रोज सकाळी येणाऱ्या रिपोर्टवर. आधी पिशव्यांवर पिशव्या भरल्या, डॉक्टर म्हणाले, तुंबलेली वाट मोकळी झाली की असंच होतं, जातंय तेवढं पाणी सलाइनने परत देऊ. मग हळूहळू रक्तातला आकडा उतरायला लागला. आकडा उतरला की मी नर्सच्या गालाला हात लावून बोटं मोडायचे. जेवण परत यायला लागलं, सगळं ताट चाटूनपुसून. तिकडे मास्तरांची वॉर्डातली प्रत्येक खुर्ची तपासून झाली होती. हातात लघवीची पिशवी धरून, दुसऱ्या हाताने स्टुलं हलवून बघत फिरायचे आणि तोंड वाकडं करायचे. डॉक्टरांच्या खुर्चीबद्दल तर जे बोलले ते मी इथे सांगत नाही.

काही आठवडे नळी ठेवून घरी, मग गाठीचं ऑपरेशन. मधल्या काळात लेक बाळंत झाली, सुखरूप, नात झाली. तिची किडनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशी आपली आपण उतरली. बापाची उजवी मात्र अजून कळत नव्हती. मी वरवर नातीचे लाड करत होते, आणि मनात सारखं ती उजवी, ती उजवी. मास्तर रात्री मला न दिसेलसं उजव्या बाजूला हात लावून बघायचे. ते मला दिसायचं.

नळी निघाल्यानंतरच्या सोनोग्राफीला डॉक्टर पडद्याकडे फार वेळ बघत राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग ते वळले आणि म्हणाले, "सूज उतरलीय. उजवीही कामाला लागली, मास्तर." मी त्यांना देव मानून पाया पडायला निघाले, तर ते घाबरून टेबलामागे गेले.

तिथून आम्ही घरी न जाता थेट दुकानात गेलो. मास्तरांचाच हट्ट. लेक नातीला खांद्यावर घेऊन टेबलाशी बसली होती. मास्तरांनी सगळ्या कारखान्यावर एक नजर फिरवली, हातोडी उचलून बघितली, आणि कोपऱ्यातल्या संडासात गेले.

नळाचा आवाज नाही. शीळ नाही. आणि मग प्लायवूडमागून जो आवाज आला, एकसलग, ठणठणीत, थांबायचं नाव नाही! लेकीने माझ्याकडे बघितलं.

"आई, नळ सोडलाय का बाबाने?"

"नाही गं!"

आम्ही दोघी अशा खिदळलो की नात दचकून जागी झाली. मास्तर बाहेर आले, "काय झालं दात काढायला?" म्हणाले आणि कोपऱ्यातली आपली खुर्ची ओढली. तिच्यावरची चादर काढली, धूळ झटकली आणि ऐटीत मागे टेकले.

टेकले, आणि कपाळाला आठी पडली. डावीकडे सरकून बघितलं. उजवीकडे सरकून बघितलं. जरा पुढे आले, पुन्हा टेकले आणि "आई गं!" करून उठले. खुर्चीभोवती एक फेरी मारली. आवाळूवर हात फिरवला. मग आमच्याकडे वळून रागाने म्हणाले, "हे काय भरलंय? ह्यात माणूस बसणार तरी कसा? कुठल्या गाढवाने केलीय ही?"

लेकीने नातीच्या पोटात तोंड खुपसलं. दुकानाच्या मधोमध उभी राहून मी हमसून हमसून रडायला लागले.

मास्तर गडबडले. दाभण शोधायला उघडलेला खण तसाच टाकून माझ्याजवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, रडतेस काय एवढी? इतकी काही वाईट नाही झाली ती. उसवून देतो नीट करून."